नाताळसाठी काय भरायला घ्यावं

१४ काउंटच्या आयडा कापडावर एका इंचात १४ फुल्या बसतात, म्हणजे चौरस इंचात १९६. आपलं टपाल खात्याचं साधं पोस्टकार्ड साडेपाच इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद असतं. तेवढी जागा क्रॉस स्टिचने पूर्ण भरायची तर जवळजवळ पावणेचार हजार फुल्या घालाव्या लागतात. हात बसलेला माणूस तासाला साधारण शंभर ते सव्वाशे फुल्या घालतो. म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या चित्राला तीस ते अडतीस तास लागणार. नाताळचा नमुना विकत घेताना हा हिशेब आपल्याला कुणी सांगत नाही. पाकिटावर छापलेलं असतं ते पुरं झालेलं चित्र: बर्फाने झाकलेलं गाव, खिडक्यांमधला पिवळा उजेड, घसरगाडीतला सांताक्लॉज. ते बघूनच आपण पैसे देतो.

एरवी भरतकामाला तारखेची घाई नसते. मॅटीवर भरायला घेतलेलं तोरण दिवाळीला लागलं नाही तर गुढीपाडव्याला लागतं, नाहीतर घरातल्या पुढच्या कार्याला. नाताळचं तसं नाही. ही सजावट डिसेंबरात बाहेर निघते, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत राहते आणि मग खोक्यात जाते. अर्धवट राहिलेलं काम मधले अकरा महिने कपाटात पडून असतं. पुढच्या वर्षी ते पुन्हा हातात घेण्याची हौस क्वचितच टिकते. म्हणून नाताळचा नमुना फुल्या मोजून निवडावा, असं माझं ठाम मत आहे. लहान, पुरं होणारं आणि दर डिसेंबरात वापरात येणारं काम मोठ्या, देखण्या आणि अपुऱ्या कामापेक्षा केव्हाही चांगलं.

मोजणी अवघड नाही. प्रत्येक नमुन्यावर त्याची रुंदी आणि उंची फुल्यांमध्ये दिलेली असते. समजा, ७० गुणिले ९८ असं लिहिलंय. या आकड्यांना कापडाच्या काउंटने भागलं की इंचातलं माप मिळतं. १४ काउंटवर हे चित्र पाच बाय सात इंचांचं होईल आणि १८ काउंटवर जेमतेम चार बाय साडेपाच. पण फुल्या दोन्हीकडे तेवढ्याच राहतात. बारीक कापड घेतल्याने चित्र लहान होतं, काम कमी होत नाही; उलट डोळ्यांना त्रास वाढतो. ७० गुणिले ९८ म्हणजे ६,८६० घरं. त्यातली किती भरायची आणि किती मोकळी सोडायची, हे तक्ता नीट पाहिला की कळतं. पांढऱ्या कापडावर एकटं झाड असेल तर तिसरा हिस्साही भरावा लागत नाही. मागचं आकाशही निळ्या धाग्याने भरायचं असेल तर एकही घर सुटत नाही. आकाश भरायला सांगणारे नमुने मी नवशिक्यांना घेऊ देत नाही. एकाच रंगाच्या हजारो फुल्या घालताना हात शिकत नाही, फक्त थकतो. शिवाय निळं कापड बाजारात मिळतंच.

कापडाबद्दल थोडं सांगायला हवं. आयडा हे जर्मनीतल्या झ्वाइगार्ट कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आणलेलं कापड. त्यात सुटे धागे न विणता धाग्यांचे गट विणलेले असतात, त्यामुळे कापडावर आपोआप चौकोनी घरं पडतात आणि प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांत सुई जायला जागा राहते. ११, १४, १६ आणि १८ हे त्याचे नेहमीचे काउंट. आपल्याकडे दुकानात मीटरवर मिळते ती मॅटी याच कामाची, पण तिच्यावर काउंट लिहिलेला नसतो. घरी आणल्यावर फूटपट्टी ठेवून एका इंचातली घरं मोजावीत, उभ्या दिशेने आणि आडव्या दिशेनेही. दोन्ही आकडे सारखे आले नाहीत तर त्या कापडावर गोल लांबट होतो आणि सांताक्लॉजचा चेहरा ताणला जातो. अशी मॅटी फेकायचं कारण नाही. पानाफुलांच्या काठाला, चांदण्यांच्या रांगेला ती छान चालते. चेहऱ्यांना मात्र वापरू नये.

आता तारीख. २५ डिसेंबरपासून मागे यायचं. भरून झालेलं कापड धुणं, इस्त्री करणं, मागे अस्तर लावणं, कापूस भरून शिवणं, चौकटीत बसवणं या सगळ्याला दोन आठवडे राखून ठेवावेत. म्हणजे शेवटची फुली १० डिसेंबरच्या आसपास पडायला हवी. मराठी घरात दिवाळी आटोपेपर्यंत सुई हातात येत नाही हे मी गृहीत धरते. त्यानंतर रोज एक तास मिळाला, तरी मधल्या लग्नकार्यांचे आणि पाहुण्यांचे दिवस वजा जाता तीसेक तास हाताशी उरतात. तीस तास म्हणजे तीन हजार फुल्या. एवढं भांडवल आहे आणि त्यात बसेल तेच निवडायचं. झाडाला टांगायची चार लहान शोभेची चित्रं त्यात बसतात. पाच-सहा भेटकार्डंही बसतात. बर्फातलं गाव त्यात बसत नाही.

क्रॉस स्टिच आणि लाल रंग यांची जोडी नाताळच्या भरतकामापेक्षा जुनी आहे, आणि निवड करताना तिचा फार उपयोग होतो. युरोपातल्या घरांमध्ये चादरी, टॉवेल, टेबलावरचे रुमाल यांवर मालकिणीची आद्याक्षरं आणि नगाचा क्रमांक लाल धाग्याने, लहान फुल्यांनी भरण्याची पद्धत होती. मुली अक्षरं आणि नक्षी शिकायच्या त्या कापडाच्या तुकड्यांवर; त्यांना सॅम्प्लर म्हणतात. तारीख भरलेला सर्वांत जुना ब्रिटिश सॅम्प्लर जेन बॉस्टॉकचा, १५९८ सालचा. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चादरी-टॉवेल भट्टीत उकळून धुतले जात, त्यामुळे खुणेच्या धाग्याचा रंग पक्का असणं गरजेचं होतं. टर्की रेड नावाचा लाल तसा पक्का होता. आपल्या मंजिष्ठेच्या जातकुळीतल्या मॅडर या वनस्पतीच्या मुळांपासून, तेल आणि तुरटीच्या अनेक प्रक्रियांमधून तो सुतावर चढवत. पुढे १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेबे आणि लीबरमान यांनी मॅडरमधलं रंगद्रव्य, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केलं आणि लाल धागा स्वस्त झाला.

पांढऱ्या कापडावर एकाच लाल रंगाची नक्षी आज आपल्याला नाताळची वाटते, ती उत्तर युरोपातल्या घरांनी ही सवय सणावर आणली म्हणून. ही एकरंगी कामं नवशिक्यासाठी सर्वांत योग्य आहेत. रंग बदलायचा नाही, सुई पुन्हा पुन्हा ओवायची नाही, तक्त्यावरची चिन्हं ओळखत बसायचं नाही. फक्त घरं मोजायची. तासाला शंभर फुल्यांचा हिशेब अशाच कामात खरा ठरतो. तीस रंगांच्या चित्रात तो निम्म्यावर येतो.

डेन्मार्कमध्ये ही परंपरा विशेष जोपासली गेली. तिथे १९२८ मध्ये हस्तकलेच्या संवर्धनासाठी स्थापन झालेल्या हान्आर्बायडेट्स फ्रेम्मे या संस्थेने फुलीच्या भरतकामाचे नमुने घरोघरी पोचवले. गेर्डा बेंग्टसन ही त्यांची नामवंत नमुनाकार. तिने रानातली फुलं, गवतं, फांद्यांवरची फळं इतक्या बारकाईने मांडली की फुल्यांमध्येही वनस्पती ओळखू यावी. त्यांचा धागाही वेगळा होता: चमक नसलेला, एकपदरी, कापडावर मऊ बसणारा. डॅनिश घरांमधली मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे भरलेलं नाताळ-कॅलेंडर. भिंतीवर टांगायचा एक कापडी पट्टा, त्यावर १ ते २४ आकडे आणि प्रत्येक आकड्यापाशी पितळेची लहान कडी. १ डिसेंबरपासून रोज एका कडीला बांधलेली छोटी पुडी मुलांनी सोडायची. हे कॅलेंडर एकदा भरलं की मुलं मोठी होईपर्यंत दर वर्षी निघतं. फुल्यांच्या मेहनतीची अशी परतफेड दुसरी कुठलीही वस्तू करत नाही. घरात लहान मूल असेल आणि हात थोडा सरावलेला असेल तर मी डोळे मिटून हेच सुचवेन. मात्र ते जानेवारीत सुरू करावं, म्हणजे येणाऱ्या डिसेंबरात भिंतीवर लागेल.

नमुना मोजून झाला की आकार बघायचा. फुलीच्या टाक्याला उभी, आडवी आणि ४५ अंशांची रेघ सरळ येते. बाकी प्रत्येक रेघ पायरीपायरीने जाते. म्हणून आठ टोकांची चांदणी, त्रिकोणी देवदार, घराचं छप्पर, शिंगं उभारलेलं हरीण, हॉलीचं काटेरी पान हे आकार या टाक्याला मानवतात. आठ टोकांची चांदणी नॉर्वेच्या हातमोज्यांच्या विणकामातही तशीच दिसते, कारण तिथेही घरं मोजूनच नक्षी होते. गोल घंटा, मेणबत्तीची ज्योत, बाळाचा चेहरा यांना अधिक घरं लागतात. चाळीस घरांच्या रुंदीत बाळ येशूचा चेहरा बसवायचा म्हटलं तर डोळ्याच्या वाट्याला एक फुली येते, आणि ती एक घर इकडेतिकडे झाली तरी भाव बदलतो. असे नमुने अर्ध्या आणि पाव फुल्या वापरून, वर काळ्या धाग्याची उलटी टीप मारून आकार सावरतात. ते पहिल्या खेपेला घेऊ नये. गव्हाणीचा देखावाच हवा असेल तर ज्यात माणसं फक्त बाह्याकृतींनी, एका रंगात दाखवली आहेत असा नमुना शोधावा. मारिया, योसेफ आणि गव्हाणी एवढ्या तीन आकृत्या गडद निळ्या धाग्याने पांढऱ्यावर भरल्या तर त्या रंगीत चित्रापेक्षा गंभीर आणि सुंदर दिसतात.

मोज्याचा विषय टाळता येणार नाही, कारण अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांतही आता मुलांसाठी नाताळचे मोजे टांगले जातात आणि भारतातल्या आज्यांना ते भरून पाठवावेसे वाटतात. सोळा इंच उंचीचा मोजा १४ काउंटवर घेतला तर उंचीलाच २२४ घरं होतात. पायाचा वळसा आणि आकार धरून वीस हजारांहून जास्त फुल्या कुठेच गेलेल्या नाहीत. हे दोनशे तासांचं काम आहे. ते करू नये असं मी म्हणत नाही. एखादी आजी नातवासाठी दोनशे तास देते तेव्हा त्याला मोल नसतं. पण एका नातवासाठी केला की दुसऱ्यासाठी करावा लागतो, आणि मधल्या काळात त्या नमुन्याचा संच बाजारातून गेलेला असू शकतो. जेवढी नातवंडं तेवढे मोजे भरायची तयारी नसेल तर दुसरी वाट धरावी. मोजा साध्या लाल लोकरी कापडाचा शिवावा आणि वरच्या पांढऱ्या पट्टीवर फक्त नाव भरावं. सात घरं उंचीची पाच अक्षरं शंभर फुल्यांच्या आत होतात. देवनागरीत नाव भरायचं तर आधी चौकटीच्या कागदावर स्वतः आखावं. शिरोरेघ एक घर जाडीची, अक्षर तिच्याखाली नऊ-दहा घरांचं आणि वेलांटीसाठी वर चार घरं मोकळी ठेवली की बहुतेक नावं वाचता येतात. क्ष, ज्ञ आणि जोडाक्षरांना थोडी खोडाखोड लागते, पण ती कागदावर करायची असल्याने नुकसान नाही.

गोव्यात आणि वसईत नाताळला शेजाऱ्यांकडे फराळाचं ताट पाठवायची रीत आहे: गोव्याकडे नेवऱ्यो, दोदोल, कुलकुलं. ताटावर टाकायचा रुमाल ही माझ्या मते आपल्याकडच्या घरासाठी सगळ्यांत योग्य वस्तू. चौदा इंचांचा चौरस मॅटीचा तुकडा, कडेचे धागे ओढून काढलेल्या दशा आणि चारपैकी एकाच कोपऱ्यात तीस घरांची लाल किंवा हिरवी नक्षी. साडेतीनशे फुल्या, फार तर चार तास. रुमाल ताटाबरोबर जातो, रिकाम्या ताटाबरोबर परत येतो, धुतला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा निघतो. फुलीचा टाका या मुलखाला परका नाहीच. धारवाडकडच्या कसुतीत, जी इरकली लुगड्यांच्या पदरांवर आपण पाहत आलो, गवंती, मुर्गी आणि नेगी यांच्याबरोबर मेंथी हा चौथा टाका आहे आणि तो फुलीचाच. कसुतीतली चांदणी किंवा तुळशीवृंदावनाशेजारचे दिवे घेऊन नाताळचा काठ करता येतो आणि तो उसना वाटत नाही.

धाग्याची निवड चित्राच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे, कारण नाताळच्या कामात लाल आणि पांढरा शेजारी असतात. डीएमसीच्या यादीत ३२१ क्रमांकाचा लाल आणि ६९९ क्रमांकाचा हिरवा ही नेहमीची जोडी. ही कंपनी १७४६ मध्ये आजच्या फ्रान्सच्या अल्सास भागातल्या म्युलूझ गावच्या छापील कापडाच्या धंद्यातून उभी राहिली. आपल्याकडे अँकरच्या लड्या सहज मिळतात. दोन्ही कंपन्यांचे क्रमांक वेगळे असतात आणि जुळणीचे तक्ते फक्त जवळचा रंग सांगतात, म्हणून एका चित्रात कंपन्यांची सरमिसळ करू नये. लाल धागा आणल्यावर त्याचं टोक ओलं करून पांढऱ्या चिंधीवर घासावं. डाग पडला तर थंड पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत लडी खळबळावी आणि पूर्ण वाळल्यावरच वापरावी. रंग जातच राहिला तर तो धागा पांढऱ्या कापडासाठी वापरूच नये. काम झाल्यावर ते थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता धुवावं. टॉवेलवर पालथं ठेवून मागून इस्त्री करावी. ओलं कापड घडी घालून ठेवलं तर लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो आणि तो पुन्हा निघत नाही.

लडी आठ मीटरची आणि सहा पदरांची असते. १४ काउंटवर दोन पदर एकत्र घेऊन भरतात, म्हणजे लडीतून चोवीस मीटर कामाचा धागा मिळतो. एक फुली पुढून-मागून धरून सुमारे सव्वा सेंटिमीटर धागा खाते, काही टोकांना वाया जातो. तेव्हा एका लडीत दीड ते पावणेदोन हजार फुल्या होतात. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. धागा हातभरापेक्षा लांब घेऊ नये. सगळ्या फुल्यांची वरची तिरकी रेघ एकाच दिशेला जायला हवी. दिशा बदलली की उजेड वेगळा पडतो आणि लांबूनही ठिगळ दिसतं.

चकाकणारा जरीसारखा धागा नाताळच्या नमुन्यांत हमखास असतो. तो तुटतो, त्याचे पदर सुटतात आणि कापडाच्या भोकात घासून त्याची चमक जाते. एखाद्या चांदणीच्या मध्यापुरता, वीतभर तुकडे घेऊन तो वापरावा. सबंध तारा सोनेरी धाग्याने भरायला सांगणारा नमुना बाजूला ठेवून पिवळ्या सुती धाग्याने भरावा. काचेच्या दिव्यांच्या माळेखाली फरक कुणाला कळत नाही.

एका प्रकारच्या नमुन्यांपासून मात्र दूरच राहावं. छायाचित्र संगणकात घालून त्याचे चौकोन पाडलेले हे तक्ते असतात. त्यात साठ-सत्तर रंग असतात आणि एकेका रंगाच्या सुट्या फुल्या चित्रभर विखुरलेल्या असतात. प्रत्येक फुलीसाठी धागा बदला, मागे अडकवा, कापा. हे काम माणसाने आखलेलंच नाही, म्हणून कुठे थांबायचं आणि कुठे मोकळं सोडायचं याचा विचार त्यात नसतो. चांगला नमुनाकार पाच रंगांत हिवाळा उभा करतो. अशा नमुनाकाराचा तक्ता मात्र विकत घ्यावा, मैत्रिणीकडून झेरॉक्स काढून नको. त्या लोकांचं पोट तक्त्यांच्या विक्रीवर आहे.

पहिल्याच वर्षी सुरुवात करणार असाल तर एक आठ टोकांची लाल चांदणी घ्या. रुंदी-उंची ४१ घरांची असावी; विषम आकडा असला की मध्य एका घरावर येतो आणि कापडाची घडी घालून तो सापडतो. १४ काउंटच्या पांढऱ्या कापडावर ती तीन इंचांपेक्षा किंचित लहान होते आणि सातशेच्या आसपास फुल्या घेते. चारी बाजूंना दीड-दीड इंच कापड सोडा. मागे लाल फेल्ट लावून, आत थोडा कापूस भरून, वर दोरी शिवली की ती झाडाला लागते, दाराला लागते किंवा भेटीच्या खोक्यावर बांधता येते. खाली कोपऱ्यात वर्ष भरायला विसरू नका. एका लाल लडीत अशा दोन चांदण्या होतात.